आधी खोली घेऊ

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून कादंबरीचं वाचन सुरू. सगळे जिचं नाव काढतात तीच. बक्षिसं झाली, आवृत्त्या झाल्या, आता ती ऐकायलाही मिळणार आहे, माझ्या आवाजात. संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "ताई, आधी एक तरुण मुलगी घेतली होती. पण तिच्या तोंडी सगळंच गोडगोड व्हायला लागलं. तुमचा आवाज कोरडा आहे." मी आभार मानले. कोरडेपणाचं कौतुक आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

रेडिओवर बातम्या वाचायचे तेव्हा घरात कुणी ऐकत नसे. हे ऐकायचे, पण दुसऱ्या केंद्रावरच्या. "तुझा आवाज घरात असतोच की," म्हणायचे. आता हेही नाहीत आणि ती नोकरीही नाही. घरात मी आणि खारू. खारू म्हणजे माझी लेक. लहानपणी दिसेल ती वस्तू उचलून कुठेतरी दडवायची, म्हणून खारूताई, मग नुसती खारू. कॉलेजात गेली तरी नाव सुटलं नाही.

स्टुडिओ घरापासून चालत जाण्यासारखा. एका इमारतीचं तळघर. दोन खोल्या, मध्ये काच. आतल्या खोलीत मी, बाहेरच्या खोलीत रेकॉर्डिस्ट. तिशीतला असेल. बोलतो हळू, पाऊलही हळू टाकतो. त्या कामात माणूस तसा होत असेल. आत जाण्याआधी घड्याळ, कानातले, किल्ल्या, फोन, सगळं बाहेरच्या ट्रेमध्ये काढून ठेवायचं. माइकला सगळं ऐकू येतं. "पोटात कावळे ओरडले तरी," तो म्हणाला. दिवसभरात एवढाच विनोद.

"आधी खोली घेऊ," म्हणाला. मला कळेना. मग त्याने सांगितलं. वाचायच्या आधी, मी आत बसलेली असताना, न बोलता, न हलता, खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. दोन वाक्यांमधली जागा तो पुढे त्या शांततेने भरतो. नुसतीच कोरी जागा सोडली तर ऐकणाऱ्याला खड्ड्यात पाय पडल्यासारखं होतं. "आणि दोन खोल्यांची शांतता सारखी नसते, मॅडम."

मी हात मांडीवर ठेवून बसले. माझ्यावर दिवा, बाहेर अंधार. काचेत मला मीच दिसत होते. तो दिसत नाही, मी त्याला दिसते. इतका वेळ कुणी माझ्याकडे नुसतं पाहत बसल्याचं आठवत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कादंबरीबद्दल. इथे लिहायला हरकत नाही.

चांगली आहे. हे आधी. वाक्यं लहान आहेत आणि कुठे लोंबत नाहीत. एक मुलगा, एक मुलगी, दोघंही विशीच्या आसपास. तो तिच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि तिच्याशी बोलत नाही. तिची पावलं ऐकतो. "ती आत गेली की जिना पुन्हा नुसता लाकडाचा होतो." असलं वाक्य वाचताना मी पान उलटायचं विसरते, आणि बातम्यांत मी पूर आणि अपघात कोरड्या आवाजात, न थांबता वाचलेले आहेत.

पण. त्याचा आवाज मला पहिल्याच पानावर सापडला, तिचा सापडत नाही. गोड करून पाहिला, रुक्ष करून, थोडा घाबरट करून. एकही बसेना. मग लक्षात आलं, तिला वाक्यंच नाहीत. ती केस पुसते, खिडकी लावते, झोपते. बोलते ते "हो" आणि "असू दे". "असू दे" माणूस म्हणून म्हणून किती प्रकारे म्हणणार?

रेकॉर्डिस्टला विचारलं, तुम्ही वाचली आहे का? म्हणाला, "मी वाचत नाही, मॅडम. ऐकतो."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

खारूने कादंबरी एका बैठकीत संपवली. मला वाटलं होतं रडेल. पुस्तक माझ्या उशीवर आणून टाकलं.

"आई, हा चोर आहे."

"कोण?"

"तुझा हिरो. जिन्यात उभा राहतो, तिचा रुमाल ढापतो, ती जाईल तिथे मागे मागे जातो. अशाला पोलिसात द्यायचं सोडून बक्षीस काय देतात?"

"प्रेम आहे ते."

"त्याने एकदा तरी विचारलं का तिला?"

"सगळंच विचारायचं नसतं गं."

"बाकी काही नाही विचारलं तरी चालेल. हेच तर विचारायचं असतं."

मी म्हणाले, तुमच्या पिढीला जिथेतिथे पावती लागते. ती म्हणाली, आणि तुमच्या पिढीला कुणी वळून पाहिलं तरी जन्माचं पुरतं. दोघी हसलो. मला लागलं, पण दाखवलं नाही.

तिचं बरोबर आहे असं डोकं सांगतं. स्टुडिओत गेलं की डोकं बाहेर ट्रेमध्ये राहतं.

माझा कंगवा सापडत नाही. खारूला विचारलं तर म्हणाली, "मी आता खार राहिलेले नाही."

११ नोव्हेंबर, मंगळवार

काम करण्याची पद्धत बदलली. आतापर्यंत चूक झाली की तो कानात "पुन्हा" म्हणायचा आणि आम्ही थांबायचो. आज म्हणाला, "मॅडम, तुमच्या चुका फार कमी असतात. मी मध्ये बोललो की लय तुटते. यापुढे मी थांबवणार नाही. चुकलात की चुटकी वाजवा आणि वाक्य पहिल्यापासून घ्या. चुटकीचा सुळका पडद्यावर लगेच दिसतो, मी मागाहून शोधून कापतो." मी फक्त वाचत राहायचं. लाल दिवा लागलेला असेपर्यंत दार उघडायचं नाही.

इतकं सलग मला कुणी बोलू दिलेलं नाही. आमच्या घराण्यात तर बायकांचं वाक्य पुरं करायला दहा जण धावतात. आज सबंध सकाळ वाचत होते. मध्ये एकदा थांबून काचेला म्हटलं, "ऐकताय ना?" उत्तर आलं नाही. खरा ऐकणारा हुंकारसुद्धा देत नाही. मला बरं वाटलं. पुढचं पान जास्त चांगलं वाचलं गेलं.

दिवा विझल्यावर बाहेर आले. तो खुर्चीत बसला होता. कपाळावर घाम होता, तळघरात एवढा गारवा असून. मन लावून ऐकण्यालाही कष्ट पडत असतील.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

घरी आले तर ओट्यावर एक कप विसळून पालथा घातलेला. आम्ही दोघी कप कसेही ठेवतो. खारू आल्यावर म्हटलं, "सुधारलीस."

"मी तुझ्याआधी घराबाहेर पडले होते. तूच केलं असशील."

केलं असेन. इतका वेळ दुसऱ्याची वाक्यं बोलल्यावर घरी परत येते ती कोण असते, कुणी सांगावं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज रिकाम्या खोलीचं प्रकरण. या कादंबरीचं ज्याने त्याने कौतुक केलं ते याच प्रकरणासाठी. मुलीच्या घराची किल्ली मुलाच्या हाती लागते. ती नसताना तो तिच्या खोलीत जाऊन बसतो. काही करत नाही. पलंगावर नाही, खुर्चीत बसतो. उशीवरच्या खळग्याकडे पाहतो. जाताना एखादी लहान गोष्ट बदलून जातो, पडदा थोडा सरकवतो, पुस्तकातली खूण पुढच्या पानात घालतो. ती परत येते, पाहते, आणि पडदा सरळ करत नाही. संपलं प्रकरण.

संपादकबाई मुद्दाम ऐकायला आल्या होत्या. मी बाहेर आले तेव्हा नाक पुसत होत्या. "ताई, काय वाचलंत! स्पर्श नाही, शब्द नाही, आणि तरी."

मी म्हणाले, "एक विचारू? त्याने तिला एकदा विचारायला नको होतं का?"

"अहो, विचारलं तर कादंबरी कुठे उरली?"

"आणि ती घाबरली असती तर?"

"पण घाबरत नाही ना ती."

"तसं लिहिलंय म्हणून."

त्या हसल्या. माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्हाला आवडत नाही ते प्रकरण? मग असं वाचलंत कसं?"

आवडतं. नुसतं आवडत नाही, हेवा वाटतो. माझ्या खोलीतला पडदा आजवर माझ्याशिवाय कुणी सरकवलेला नाही. ह्यांना खोलीत पडदा आहे हे तरी माहीत होतं का, शंका आहे. आणि तरी प्रत्येक पानावर वाटतं की त्या मुलीच्या तोंडावर कुणीतरी हात ठेवलाय, आणि तो हात आता माझा आहे.

आम्ही बोलत होतो तेव्हा रेकॉर्डिस्ट यंत्राकडे तोंड करून बसला होता. संपादकबाईंनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तो म्हणाला, "मॅडमचा श्वास सुरेख लागलाय."

१९ नोव्हेंबर, बुधवार

खारूचं काहीतरी बिनसलं आहे. मी स्टुडिओतून आले तर दार आतून लावलेलं. आतून टेकवलेली खुर्ची ओढल्याचा आवाज आला. दार उघडलं आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"तू कुठून आलीस?"

"कुठून म्हणजे? स्टुडिओतून."

"सकाळपासून तिथेच होतीस?"

"मग कुठे असणार? आज दोन प्रकरणं झाली."

ती खाली बसली. मग सांगितलं. कॉलेजात तास झाला नाही म्हणून ती लवकर परतली. चप्पल काढली, तेव्हा माझ्या खोलीतून माझा आवाज येत होता. मी वाचत होते. दार लोटलेलं होतं. घरी सराव करतेय असं समजून ती हातपाय धुवायला गेली, आतून हाक मारली, "आई, काही खायला आहे का?" माझा आवाज वाक्याच्या मधेच थांबला.

"मधेच म्हणजे?"

"कुणी बटण दाबल्यासारखा."

मग बराच वेळ काही नाही. मग बाहेरच्या दाराचं कुलूप हळूच लागल्याचा आवाज. ती बाहेर आली, खोलीत गेली. कुणी नव्हतं. खुर्ची खिडकीकडे वळवलेली होती.

"काय वाचत होते मी?"

तिने सांगितलं. मी परवा वाचलेलं वाक्य होतं. ते पुस्तकात आहे आणि पुस्तक तिने वाचलं आहे. मी पंधरा दिवस घरात मोठ्याने सराव करते आहे. कानात बसतं ते. मलाही मागे बातम्या स्वप्नात ऐकू यायच्या. हे सगळं मी तिला नीट समजावून सांगितलं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "आई, मी वेडी नाही."

"वेडी कोण म्हणतंय?"

"घराच्या किल्ल्या कुणाकुणाकडे असतात?"

"तुझ्याकडे आणि माझ्याकडे. माझ्या तर सदा माझ्याजवळच असतात."

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन दिवस घरात हाच विषय. खारू कुलूप बदलायचं म्हणते. मी म्हटलं, चोर आला असता तर काही नेलं असतं.

"तुझा कंगवा गेला. तुझी शाल गेली. बाबा गेल्यावर तू घालणं सोडलंस ती जुनी बांगडी गेली."

"शाल कुठेतरी कपड्यांत असेल."

"सगळं तुझंच कसं जातं? माझ्या खोलीतली टाचणी हललेली नाही."

मी म्हणाले, लहानपणापासून या घरात वस्तू हरवल्या की कुणाकडे बघायचं हे ठरलेलं आहे. गमतीने म्हटलं होतं. तिचं तोंड पडलं.

"आई, कुलूप नको बदलूस. एकच म्हण. म्हण, खारू, माझा तुझ्यावर विश्वास आहे. पुढचं माझं मी बघेन."

साधं वाक्य होतं. मी रोज शेकडो वाक्यं म्हणते, ज्यांच्याशी माझा काही संबंध नाही ती. हे तोंडातून फुटेना. म्हटलं असतं तर दुसऱ्या क्षणी विचारावं लागलं असतं, मग कोण? आणि मग पुढचं सगळं. अजून तीन प्रकरणं राहिली आहेत. असं घाबरत घाबरत वाचता येत नाही, आवाजात लगेच उतरतं.

मी म्हणाले, "तू थोडे दिवस मावशीकडे जाऊन ये. हवापालट होईल."

ती म्हणाली, "मला वाटलं होतं, तू म्हणशील आपण दोघी जाऊ."

संध्याकाळी बॅग भरून गेली. जाताना म्हणाली, "त्या पुस्तकातल्या पोरीला आई नाहीये, लक्षात आलं का तुझ्या?" आलं नव्हतं. दोनदा वाचूनही आलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

घर शांत आहे. खारूच्या खोलीचं दार लावून घेतलं.

सकाळी निघताना माझी खोली आवरली. चादर बदलली, कपडे घडी करून ठेवले, टेबलावर पाण्याचा तांब्या झाकून ठेवला. कुणी येणार नव्हतं. सवय चांगली असते.

वाचन उत्तम झालं. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "आज तुमचा आवाज मोकळा आहे, मॅडम. घरी कुणी नसतं का आता?"

मी म्हटलं, लेक मावशीकडे गेली आहे. तो म्हणाला, बरं.

घरी आले. तांब्यातलं पाणी कमी होतं. उन्हाने आटलं असेल. पडदा थोडा सरकलेला. वारा होता आज.

मी तो सरळ केला नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

वाचता वाचता ठसका लागला. चुटकी वाजवली, पाणी प्यायले, पुन्हा ठसका. थांबेना. लाल दिवा होता तरी दार उघडून बाहेर आले. नियम मोडल्याची माफी मागायची होती.

बाहेर कुणी नव्हतं. यंत्र चालू, पडद्यावर माझा ठसका डोंगरासारखा पुढे सरकत होता. खुर्चीच्या पाठीला त्याचं जाकीट. ट्रेमध्ये घड्याळ होतं, कानातले होते, फोन होता. किल्ल्या नव्हत्या. घाईत पिशवीतच राहिल्या असतील. पिशवी आत होती, मी बघितली नाही.

आत जाऊन बसले. काचेच्या पलीकडे कुणी नाही हे आता मला ठाऊक होतं. तरी वाचायला सुरुवात केली. नवल म्हणजे आवाजात काही फरक पडला नाही. उलट पहिल्यांदाच मुलीचं एक "असू दे" बरोबर लागलं.

दिवा विझला. बाहेर आले तर तो जाग्यावर. "आज मध्ये खोकला आला ना," म्हणाला. ऐकून की पडद्यावर पाहून, ते विचारलं नाही. ट्रेमध्ये घड्याळाच्या खाली किल्ल्या होत्या. हातात घेतल्या तर गरम लागल्या. यंत्राशेजारीच ट्रे असतो, यंत्र तापतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज सुट्टी होती. सकाळी बेल वाजली. कुलूपवाला. खारूने मावशीकडून फोन करून परस्पर पाठवला होता, पैसेही देऊन टाकलेले.

"ताईंनी सांगितलंय, चांगल्यातलं बसवा. किल्लीची नक्कल होत नाही असलं."

"गरज नाही," मी म्हटलं. "जुनंच चांगलं आहे."

तो दाराशी उकिडवा बसून कुलूप निरखत होता. "बाई, चांगलं आहे, पण चौकटीला तेल कुणी घातलं? बिजागऱ्यांना पण घातलंय. दार अगदी मुकं झालंय तुमचं."

हेच घालायचे तेल, मी म्हटलं. कुलूपवाल्याला कुठे ठाऊक, हे कोण आणि कधी गेले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

धाकटीचा, खारूच्या मावशीचा, फोन. नेहमीप्रमाणे नमस्कार-चमत्काराशिवाय. "ताई, कुलूपवाल्याला परत का पाठवलंस?"

"मला विचारल्याशिवाय का पाठवला?"

"पोरगी झोपत नाहीये. मला दर थोड्या वेळाने विचारते, आईला फोन करू का. मग करत नाही. काय झालंय तुमच्यात?"

"काही नाही. वाचन संपत आलंय. संपलं की घेऊन जाईन तिला."

"पुस्तक पळून जातंय का तुझं? पोरगी जाईल."

"तू कादंबरी वाचलीस का?" मी विचारलं.

"आता हे काय मधेच? वाचली. छान आहे. रडले मी." मग थांबून म्हणाली, "पण आपल्या खारूच्या बाबतीत असं कुणी केलं तर मी त्याचे पाय मोडीन."

सगळ्यांचं असंच आहे. माझं एकटीचं नाही.

१ डिसेंबर, सोमवार

स्टुडिओच्या वर फोडाफोड सुरू झाली. ड्रिलचा आवाज भिंतीतून उतरतो. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं आहे आणि संपादकबाईंना ते याच आठवड्यात हवं आहे.

रेकॉर्डिस्ट म्हणाला, "तुमच्या घरी घेऊ, मॅडम. तुमची आतली खोली शांत आहे. रस्त्याची बाजू नाही, पंख्याचाही आवाज नाही."

मी कधीतरी बोलण्यात सांगितलं असेल. मी म्हटलं, या.

२ डिसेंबर, मंगळवार

दुपारी आला. खांद्यावर यंत्राची बॅग, हातात माइकचा स्टँड, काखेत एक जाड रजई. बूट काढून बाजूला लावून ठेवले. आमचा बोळ दिवसाही काळोखा असतो आणि दिव्याचं बटण कपाटाच्या मागे आहे. येणारा प्रत्येक जण तिथे चाचपडतो. धाकटी म्हणते, तुझ्या घरात दिवा लावायलाही वशिला लागतो. मी "थांबा हं" म्हणेपर्यंत त्याने स्टँड या हातातून त्या हातात घेतला, कपाटामागे हात घातला आणि दिवा लावला. त्याच्या कामात घरांचा अंदाज येत असेल.

खोलीत त्याने आवाज आपटू नये म्हणून रजई कपाटाच्या आरशावर टाकली. घड्याळातला सेल काढला. माझ्यासाठी खुर्ची ठेवली, स्वतः पलंगाच्या कडेला बसला. इथे काच नव्हती. ऐकताना तो डोळे मिटून घेतो, हे मला आज दिसलं. अगदी तरुण दिसतो तेव्हा.

"आधी खोली घेऊ," म्हणाला आणि यंत्राचा लाल दिवा लागला.

आम्ही दोघं बसून राहिलो. मी हलले नाही. तोही नाही. माझ्या खोलीची शांतता मी अशी कधी ऐकली नव्हती. मला वाटलं होतं ती माझी असेल.

फोन वाजला. तो बाहेर ठेवायचा विसरले होते, पलंगावर त्याच्याजवळच पडला होता. त्याने डोळे उघडून पडद्यावरचं नाव वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"आई, मी खालीच आहे. बसस्टॉपवर. बॅग घेऊन आलेय."

मी यंत्राच्या लाल दिव्याकडे पाहिलं.

"तू ते म्हटलं नाहीस तरी चालेल. विश्वासाचं. मी पुन्हा काढणार नाही तो विषय. मला तिकडे करमत नाही. येऊ ना वर?"

"आज नको गं."

"का? कुणी आलंय का?"

"नाही. काम आहे. वाचते आहे."

"एकटीच आहेस?"

"हो. एकटीच."

असं का म्हणाले ते नक्की सांगता येत नाही. खरं सांगितलं असतं तर बोलणं लांबलं असतं, आणि खोली पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागली असती.

फोन बंद झाला असं वाटलं, पण नव्हता. मागून बस गेल्याचा आवाज आला. मग ती अगदी हळू, लहानपणी अंधारात बोलायची तशी बोलली.

"आई, मग तो श्वास कुणाचा येतोय?"

तो माझ्याकडे पाहत होता. त्याने मान हलवली नाही, खूण केली नाही. काही मागितलं नाही.

"माझाच," मी म्हणाले.

"बरं," खारू म्हणाली.

फोन ठेवला. लाल दिवा तसाच होता, सगळं आत गेलं होतं. पुसू का, असं त्याने विचारलं नाही. मीही पुसा म्हटलं नाही. तिच्याजवळ तिची किल्ली आहे, ती वर येऊ शकते. म्हणून मी पुस्तक उघडून थोडा वेळ थांबले. जिन्यात पावलं वाजली नाहीत. आणखी थोडं थांबले. मग वाचायला सुरुवात केली.